हातात पगार, पण हिशेब कुठे?

वेतनचिठ्ठी वेळेवर मिळणे हा आता प्रत्येक कर्मचाऱ्याचा हक्क. कर्जत-खालापुरातील ठेका कामगार, वीटभट्टी मजूर आणि फार्महाऊसच्या राखणदारांसाठी त्याचा अर्थ काय?

पगार झाला का, असे कर्जत किंवा खालापूर तालुक्यातील एखाद्या ठेका कामगाराला विचारले, तर 'झाला' असे उत्तर मिळते. किती दिवसांचा झाला, कोणत्या दराने झाला आणि त्यातून काय कापले गेले, असे विचारले की अनेकदा मोबाइलवर आलेला बँकेचा संदेश पुढे केला जातो. त्या संदेशात जमा झालेल्या रकमेचा एकच आकडा असतो. हजेरीचे दिवस, जादा कामाचे तास, भविष्य निर्वाह निधीची कपात, उचलीची वसुली यांपैकी काहीही त्यातून कळत नाही. हे सारे ज्या कागदावर लिहिलेले असायला हवे, तो कागद म्हणजे वेतनचिठ्ठी. बोलीभाषेत पगाराची स्लिप.

ही चिठ्ठी देणे मालकाच्या मर्जीवर अवलंबून नाही. वेतन संहिता, २०१९ हा कायदा देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला आहे. प्रत्येक मालकाने आपल्या कर्मचाऱ्यांना वेतनचिठ्ठी दिली पाहिजे, असे संहितेच्या कलम ५० मध्ये स्पष्टपणे म्हटले आहे.

विखुरलेली तरतूद एका ठिकाणी

यापूर्वी वेतनचिठ्ठीची तरतूद वेगवेगळ्या कायद्यांच्या नियमांत विखुरलेली होती. किमान वेतन अधिनियम, १९४८ खालील नियमांत ती अनुसूचित उद्योगांपुरती होती, तर कंत्राटी कामगार अधिनियम, १९७० खालील नियमांत ठेकेदाराकडील कामगारांसाठी. वेतन वेळेवर मिळावे यासाठी असलेल्या वेतन प्रदान अधिनियम, १९३६ ला पगाराची मर्यादा होती. ऑगस्ट २०१७ पासून ती दरमहा २४ हजार रुपये होती. त्याहून अधिक पगार घेणाऱ्या पर्यवेक्षकाला किंवा कार्यालयीन कर्मचाऱ्याला या कायद्याचे संरक्षण नव्हते.

नव्या संहितेने वेतन प्रदान, किमान वेतन, बोनस आणि समान वेतन हे चारही जुने कायदे रद्द करून त्यांच्या तरतुदी एकत्र आणल्या. वेळेवर वेतन आणि वेतनचिठ्ठी यांसाठी आता पगाराची मर्यादा उरलेली नाही. कारखान्यातील मदतनीस, रिसॉर्टमधील आचारी, गोदामातील पर्यवेक्षक आणि व्यवस्थापक असे सगळेच 'कर्मचारी' या व्याख्येत येतात. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खाली नेमलेले उमेदवार मात्र या व्याख्येबाहेर आहेत. केवळ 'ट्रेनी' हे नाव दिल्याने कोणी त्या कायद्याखालील शिकाऊ उमेदवार ठरत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

संहितेखालील नियम अमलात येईपर्यंतच्या काळात, संहितेशी विसंगत नसलेले जुने नियम लागू राहतात. त्यामुळे चिठ्ठीच्या नमुन्याबाबत संदिग्धता असल्याचे कारण सांगून चिठ्ठीच नाकारता येत नाही.

मागणी जुनीच

वेतन ठरावीक तारखेच्या आत मिळावे ही मागणी महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईतील गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये फॅक्टरी कमिशनपुढे सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन ठेवले. आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती यांबरोबरच, एका महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावे, अशी मागणी त्यात होती. त्या काळी गिरण्यांत वेतन अडकवून ठेवणे आणि दंडाच्या नावाखाली ते कापणे सर्रास चाले. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ मध्ये अहवाल दिला आणि त्यानंतर १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम आला. लोखंडे यांच्या निवेदनानंतर त्याला ५२ वर्षे लागली.

वेळेवर म्हणजे केव्हा?

वेतनाचा कालावधी दिवस, आठवडा, पंधरवडा किंवा महिना असा ठरवता येतो. तो महिन्याहून मोठा असू शकत नाही. रोजंदारीवरील कामगाराला पाळी संपताना, आठवड्याच्या वेतनावरील कामगाराला सुटीच्या आधी शेवटच्या कामाच्या दिवशी आणि पंधरवड्याच्या वेतनावरील कामगाराला पंधरवडा संपल्यानंतर दुसऱ्या दिवसाच्या आत वेतन मिळाले पाहिजे. मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे. जुन्या कायद्यात हजार किंवा अधिक कामगार असलेल्या मोठ्या आस्थापनांना दहा तारखेपर्यंत सवलत होती. संहितेत ती उरलेली नाही.

कामावरून कमी केलेल्या, बडतर्फ केलेल्या, राजीनामा दिलेल्या किंवा आस्थापना बंद पडल्याने बेरोजगार झालेल्या कर्मचाऱ्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करावे लागते. 'राजीनामा दिलास ना, मग हिशेब पुढच्या महिन्यात बघू', या उत्तराला आता कायद्याचा आधार नाही.

वेतनचिठ्ठी वेतनाच्या आधी किंवा निदान वेतनासोबत हाती पडली पाहिजे. केंद्र सरकारने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुदा नियमांत 'वेतन देण्यापूर्वी किंवा वेतन देताना' असाच शब्दप्रयोग होता आणि चिठ्ठी कागदावर किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देण्याची मुभा होती. कंत्राटी कामगारांसाठीच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांत तर वेतनवाटपाच्या किमान एक दिवस आधी चिठ्ठी द्यावी, अशी तरतूद होती. यामागचा विचार साधा आहे. हिशेबातील चूक पैसे हाती पडण्यापूर्वीच दाखवता यावी. तीन महिन्यांनी मागून घेतलेल्या चिठ्ठीवर हजेरीचा वाद सोडवणे कठीण होते, कारण तोपर्यंत कोणत्या रविवारी काम केले हे कामगारालाही आठवत नाही आणि मुकादमही बदललेला असतो.

चिठ्ठीत काय पाहावे?

चिठ्ठीवर आस्थापनेचे आणि ठेकेदार असल्यास त्याचे नाव, कर्मचाऱ्याचे नाव व पद, वेतनाचा कालावधी, हजेरीचे दिवस, वेतनाचा दर, मूळ वेतन, महागाई किंवा विशेष भत्ता, जादा कामाचे तास व त्याचा मोबदला, एकूण वेतन, प्रत्येक कपात स्वतंत्रपणे आणि निव्वळ देय रक्कम हे सारे असावे. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आणि राज्य विमा योजनेचा क्रमांकही त्यावर असला, तर पडताळणी सोपी होते.

उदाहरणादाखल, मूळ वेतन व विशेष भत्ता मिळून १५ हजार रुपये असलेल्या पुरुष कामगाराची चिठ्ठी पाहू. भविष्य निर्वाह निधीची त्याची १२ टक्के वर्गणी १,८०० रुपये होते. कर्मचारी राज्य विमा योजनेची वर्गणी १ जुलै २०१९ पासूनच्या ०.७५ टक्के दराने ११३ रुपये होते. व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३०० रुपये. म्हणजे एरवीच्या महिन्यात त्याच्या हाती १२,८८७ रुपये पडले पाहिजेत. महाराष्ट्र कामगार कल्याण निधीसाठी जून आणि डिसेंबर या दोनच महिन्यांत, २०२४ पासूनच्या दराने, २५ रुपये कापले जातात. दरमहा २५ रुपये कापले जात असतील, तर ती कपात चुकीची आहे. दरमहा २५ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना एप्रिल २०२३ पासून व्यवसाय कर माफ आहे. त्यांच्या चिठ्ठीवर ही कपात दिसल्यास तीही विचारायला हवी.

भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा कामगाराच्या वेतनातून कापता येत नाही. चिठ्ठीवर 'पीएफ' या एकाच ओळीत वेतनाच्या २४-२५ टक्के रक्कम दिसली, तर मालकाचा हिस्साही कामगाराच्याच खिशातून गेला असण्याची शक्यता असते. उलट, चिठ्ठीवर कपात दिसते पण यूएएन पासबुकात जमा दिसत नाही, असेही घडते. कापलेली रक्कम पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. त्यामुळे चिठ्ठी आणि पासबुक शेजारी ठेवून दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी पाहणे हिताचे.

एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून अधिक असता कामा नये, ही मर्यादा संहितेने घातली आहे. शिवाय 'वेतन' या शब्दाच्या नव्या व्याख्येमुळे घरभाडे, प्रवास आदी वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असल्यास वरचा भाग वेतनातच धरला जातो. मूळ वेतन नाममात्र आणि भत्ते भरमसाट, अशी रचना करून निधी व उपदान कमी करण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली आहे. पण आपल्या पगाराची फोड कशी आहे, हे चिठ्ठी हाती नसलेल्याला कळणार तरी कसे?

किमान वेतनातील विशेष भत्ता राज्यात दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये, महागाई निर्देशांकानुसार बदलत आला आहे. दोन वर्षांच्या चिठ्ठ्यांवर भत्त्याचा आकडा एकच असेल, तर चौकशीला तेवढे निमित्त पुरे.

ठेकेदार कोण, मालक कोण?

खालापूर तालुक्याला उद्योग नवा नाही. खोपोलीतील टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ चे. पुढे पोलाद, अभियांत्रिकी आणि रसायनांचे कारखाने आले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गामुळे गोदामे आणि करमणूक उद्याने आली. या साऱ्या ठिकाणी मालाची चढउतार, सफाई, सुरक्षा, उपाहारगृह अशी कामे मोठ्या प्रमाणात ठेकेदारांमार्फत चालतात. कामगार रोज कारखान्याच्या फाटकातून आत जातो, पण त्याचा मालक कागदोपत्री दुसराच असतो. कंत्राट बदलले की त्याच फाटकातून तोच कामगार नव्या ठेकेदाराच्या नावाने आत जातो आणि मागच्या ठेकेदाराकडील नोकरीचा पुरावा मागेच राहतो.

अशा वेळी दोन तरतुदी उपयोगी पडतात. ठेकेदाराने वेतन दिले नाही, तर ज्या आस्थापनेत काम चालते तिच्या मालकावर ते देण्याची जबाबदारी येते, असे वेतन संहितेच्या कलम ४३ मध्ये आहे. मागणी केल्यास ठेकेदाराने अनुभवाचे प्रमाणपत्र द्यावे, असे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये आहे. त्याच संहितेने नेमणूकपत्रही बंधनकारक केले आहे. मात्र मूळ मालकाकडे थकीत वेतन मागायचे, तर आपण त्या आवारात त्या महिन्यांत काम करत होतो, हे आधी दाखवावे लागते. ठेकेदाराचे आणि आस्थापनेचे अशी दोन्ही नावे असलेली वेतनचिठ्ठी त्यासाठी सर्वांत सोपा पुरावा ठरते.

वीटभट्टी आणि फार्महाऊस

कर्जत तालुक्याचे चित्र निराळे आहे. तेथे कारखान्यांइतकेच महत्त्व माथेरान-नेरळ परिसरातील हॉटेलांना, नदीकाठच्या रिसॉर्टना आणि फार्महाऊसना आहे. दोन्ही तालुक्यांतील कातकरी कुटुंबे पावसाळ्यानंतर वीटभट्ट्यांवर जातात. जाण्यापूर्वी उचल घ्यायची, हंगामभर आठवड्याच्या खर्चीवर राहायचे आणि पाऊस तोंडावर आला की हिशेब करायचा, ही तेथील जुनी रीत. किती हजार विटा पाडल्या, खर्ची किती गेली आणि उचल किती फिटली, याची नोंद भट्टीमालकाच्या किंवा मुकादमाच्या वहीत असते. हिशेबाअंती कुटुंबाच्या अंगावर बाकी निघाली, की पुढच्या हंगामाचे काम त्याच भट्टीवर ठरून जाते.

कायद्याच्या दृष्टीने या पद्धतीत मूळचाच दोष आहे. वेतनाचा कालावधी महिन्याहून मोठा असू शकत नाही. त्यामुळे सहा-सात महिन्यांचा एकच हिशेब कायद्याला मान्य नाही. कामाआधी दिलेल्या उचलीची वसुली पहिल्या पूर्ण वेतन कालावधीच्या वेतनापासून व्हावी, प्रवासखर्चासाठी दिलेली रक्कम वसूल करू नये आणि एकूण कपात निम्म्याच्या आत राहावी, अशी बंधने आहेत. उचलीपोटी कुटुंबाला काम सोडून जाण्याची मोकळीक नसेल, तर प्रकरण वेठबिगार पद्धत (निर्मूलन) अधिनियम, १९७६ च्या कक्षेत जाते. त्या कायद्यात, कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर म्हणजे कर्ज देणाऱ्यावर आहे. दर आठवड्याला विटांची संख्या, दर, खर्ची आणि शिल्लक उचल लिहिलेली चिठ्ठी कुटुंबाच्या हाती राहिली, तर वहीतला आकडा एकतर्फी बदलता येणार नाही.

फार्महाऊसवरील राखणदार आणि घरकामगारांबाबत कायदा थोडा सैल आहे. शेती किंवा घरकामासाठी पाचपर्यंत माणसे ठेवणाऱ्या मालकाला नोंदवही, फलक आणि वेतनचिठ्ठी यांतून सूट आहे. तरी निरीक्षकाने मागणी केल्यास वेतन दिल्याचा वाजवी पुरावा त्याला दाखवावाच लागतो. शिवाय, फार्महाऊस भाड्याने देण्याचा व्यवसाय सुरू झाला की तेथील काम निव्वळ घरगुती राहिले का, हा प्रश्न उपस्थित होतोच. पगार रोखीने न देता खात्यात जमा करणे आणि त्याचा तपशील एका वहीत दोघांच्या सहीने लिहिणे, यात मालक आणि राखणदार दोघांचेही हित आहे.

कागदाचे मोल उशिरा कळते

खालापूर तालुक्यातील रसायनी येथील हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही केंद्र सरकारची कंपनी. १९६० मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे रसायनीचे कारखाने तोट्यात गेले आणि कर्मचाऱ्यांचे वेतन व वैधानिक देणी थकली. अखेर १७ मे २०१७ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने इस्रोला लागणारे रॉकेटचे इंधनद्रव्य तयार करणारा विभाग वगळून रसायनीचे इतर कारखाने बंद करण्यास मंजुरी दिली. सुमारे ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकून आणि सरकारच्या कर्जातून थकीत वेतनासह देणी भागवण्याचे ठरले. एवढ्या मोठ्या सरकारी कंपनीतही वेतन थकू शकते, हा या प्रकरणाचा धडा. थकबाकी मोजण्याची वेळ आली की महिनेवार नोंद लागते. खासगी कारखाना किंवा ठेकेदार असेल, तर ती नोंद दुसऱ्या बाजूच्याच ताब्यात असते.

नोकरी गेल्यावरही हाच प्रश्न येतो. वर्षात २४० दिवस काम केल्याचे सिद्ध झाले, तर कामगाराला कपातीच्या नोटिशीचे व भरपाईचे संरक्षण मिळते. हे सिद्ध करण्याचा भार प्रथम कामगारावर असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने आर. एम. येल्लट्टी प्रकरणात २००५ मध्ये स्पष्ट केले. रोजंदारीच्या कामगाराकडे नेमणूकपत्र किंवा पावती नसते, याची दखल त्याच निकालात घेण्यात आली. तो मालकाकडील हजेरीपट व वेतनपट हजर करण्याची मागणी करू शकतो, असेही न्यायालयाने म्हटले. मात्र मालकाने ते हजर केले नाहीत, एवढ्यावरून निकाल कामगाराच्या बाजूने लागेलच असे नाही. बारा महिन्यांच्या चिठ्ठ्या जवळ असलेल्या कामगाराला मालकाच्या कपाटावर विसंबून राहावे लागत नाही.

मुंबईच्या गिरणी कामगारांनी हा अनुभव फार उशिरा घेतला. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामाला असलेल्यांसाठी घरांची योजना आली, तेव्हा पात्रतेसाठी ओळखपत्र, तिकीट क्रमांक, निधीचा क्रमांक, पगाराची पावती अशी कागदपत्रे मागितली गेली. खालापूरच्या शेजारी पनवेल तालुक्यातील कोन येथील घरांची सोडत डिसेंबर २०१६ मध्ये निघाली. म्हणजे तीन दशकांपूर्वीचा कागद जपलेला असणे तेव्हा कामी आले. ट्रंकेत राहिलेली पगाराची पावती तेव्हा घराच्या हक्काचा पुरावा झाली.

दाद कोठे मागावी?

चिठ्ठी मिळत नसेल, तर प्रथम मालक किंवा ठेकेदाराकडे लेखी मागणी करावी आणि पोच घ्यावी. पोच नाकारल्यास टपालाने नोंदणीकृत पत्र पाठवावे. मागणीत महिने स्पष्ट लिहावेत. प्रतिसाद न मिळाल्यास कामगार विभागाच्या जिल्हा कार्यालयात निरीक्षकाकडे तक्रार करता येते. संहितेने या अधिकाऱ्याला 'निरीक्षक-नि-सुलभकर्ता' असे नाव दिले आहे. संहितेतील अशा तरतुदींच्या भंगाबद्दल २० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पहिल्या वेळी खटल्यापूर्वी मालकाला पूर्ततेची संधी दिली जाते. कमी वेतन दिल्यास दंडाची मर्यादा ५० हजार रुपये आहे.

थकीत किंवा बेकायदा कापलेल्या वेतनासाठी संहितेखालील प्राधिकाऱ्याकडे दावा करता येतो. तो कर्मचारी स्वतः, त्याची नोंदणीकृत संघटना किंवा निरीक्षक दाखल करू शकतो. त्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. १९३६ च्या कायद्यात ती एक वर्ष होती. प्राधिकारी मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. वेतन दिले आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम ५९ नुसार मालकावर आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, महिला आणि औद्योगिक कामगार यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. कातकरी आणि ठाकूर कुटुंबांना त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.

दावा उभा राहीपर्यंत कामगाराने स्वतः करण्यासारखे बरेच आहे. रोजच्या हजेरीची आणि जादा तासांची नोंद लहान वहीत ठेवावी. बँकेचे पासबुक दरमहा भरून घ्यावे. मोबाइलवर आलेल्या चिठ्ठीची छापील प्रत काढून ठेवावी, कारण नोकरी सुटली की कंपनीचे ॲप बंद होते. कोऱ्या कागदावर किंवा रिकाम्या वेतनपटावर सही अथवा अंगठा देऊ नये. आणि महिन्याच्या सात तारखेला खात्यातील रकमेबरोबरच चिठ्ठीही मागावी.